माझ्या दोन भोवऱ्यांचा जामीन

उस्मानचाचा कुणाकडेही सरळ चालत येत नसत. घोडा असो, बैल असो की माणूस, आधी दहा पावलांवर थांबायचं, डावीकडून निघून एक पूर्ण चक्कर मारायची आणि मगच जवळ यायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. शहाद्यात नव्यानं आलेल्याला वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय. गावातले लोक मात्र चक्कर पुरी होईपर्यंत निमूट उभे राहत, पोस्टमनसुद्धा राही. धंद्यानं ते नालबंद. बैलांना आणि टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकायचे. पण तापीच्या दोन्ही काठांवर त्यांचं नाव होतं ते घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचण्यासाठी.

घोड्याचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. तो कुठल्या जागी आहे यावरून घोडा शुभ की अशुभ हे ठरतं, असं आमच्याकडे मानतात. डोळ्याखाली असला तर मालकाला रडवतो, गळ्यावर असला तर घर भरतो, आणि गळ्यावर चांगला भोवरा असला तर डोळ्याखालचा वाईट माफ होतो. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरे तेव्हा चाचांनी मान हलवल्याशिवाय जाणता माणूस लगामाला हात लावत नसे. मी अठ्ठावन्न साली शहाद्याला विज्ञानाचा शिक्षक म्हणून आलो होतो आणि असल्या गोष्टींवर वर्गात चांगलं तोंडसुख घेत होतो. आणि नेमकं माझंच लग्न त्यात अडकलं.

झालं होतं असं, की माझ्या डोक्यावर दोन भोवरे होते. दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पण दोन लग्नं म्हणजे पहिली बायको मरणार, हेही त्यात आलंच, आणि आपली मुलगी पहिली म्हणून कोण देणार? दोन ठिकाणची जमत आलेली सोयरीक याच पायी मोडली होती. तिसरं स्थळ सारंगखेड्याच्या नथूभाई पाटलांचं. आमच्याच गुजर समाजातले, कपाशी आणि केळीची बागायत, दारात दोन घोड्या. त्यांची मुलगी जमना. बघायला गेलो तेव्हा माझ्या हातून बशी निसटली आणि सगळे अवघडून गप्प बसले असताना ती एकटीच खुदकन हसली. मला ती मनापासून आवडली. पण निघताना मी टोपी नीट करत असताना तिच्या आत्यानं माझं डोकं पाहिलंच.

नथूभाई सरळ माणूस. त्यांनी नकार दिला नाही. "यात्रेला या, घोडे बघू," असा निरोप आला. होणाऱ्या सासऱ्यांना घोड्यांची आवड आहे म्हणून मी गेलो. तिथे घोड्यांच्या रांगेत, गुडघ्यापर्यंत धूळ उडत असताना, कमरेला खिळ्यांची पिशवी बांधलेला एक उंच, वाळका म्हातारा दहा पावलांवर थांबला आणि माझ्याभोवती फिरायला लागला. मी त्याच्याबरोबर गरगर वळायला लागलो, तर नथूभाई म्हणाले, "तुम्ही हलू नका."

"गुरुजी, टोपी काढा," म्हातारा म्हणाला.

मग लोखंडाच्या वासाची दोन बोटं माझ्या टाळूवर फिरली. बघता बघता पाच-पन्नास माणसं जमली. मागून एकानं माझं वय विचारलं, "कितला वरीसना शे?" आता दात दाखवायला सांगतात की काय, अशी मला खरोखर भीती वाटली.

"दोन शेतस," चाचा म्हणाले. "जोडे जोडे शेतस. एक डावा फिरस, एक उजवा."

"मंग कसं करानं चाचा?" नथूभाईंनी विचारलं. "पोर देवानी का नही?"

चाचांनी बराच वेळ माझ्या डोक्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. "आठ दिन थांबा, नथूभाई. सांगस मी."

लोक चकित झाले. विडी संपायच्या आत घोड्याचा निकाल देणारा माणूस आठ दिवस मागत होता. माझा मात्र संताप झाला. मी म्हटलं, "चाचा, मी घोडा नाही." ते शांतपणे म्हणाले, "घोडा ऱ्हातात तं आतेच सांगी टाकतू."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते शाळेत आले. आधी शाळेला चक्कर मारली, मग आत. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक टेबल. टेबलावर माझं लाडकं पुस्तक उघडं होतं. कॉलेजात असताना पुण्यात जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेलं खगोलशास्त्राचं इंग्रजी पुस्तक. शेवटी गुळगुळीत कागदावर दीर्घिकांचे फोटो. आपली आकाशगंगा जशी अब्जावधी ताऱ्यांची एक वस्ती आहे, तशाच दूरदूरच्या वस्त्या. त्यातल्या काही मधून गोळा आणि बाहेर गरगरत गेलेले हात अशा, सर्पिल. चाचांनी त्यातल्या एका फोटोवर बोट ठेवलं आणि त्यांचा चेहरा एकदम गंभीर झाला.

"हाऊ कोना घोडा शे?"

मला कळेचना. "काळा घोडा, पांढरा भवरा," ते पुटपुटले. "आसा भवरा मी जनममा देखा नही. मालक जिता शे का?"

मी पोट धरून हसलो. मग खुर्ची दिली आणि समजावून सांगायला बसलो. हे आकाशातलं आहे, हा प्रत्येक कण म्हणजे एक सूर्य, वगैरे. मला वाटलं होतं, म्हातारा तोंडात बोट घालेल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तोबा तोबा म्हणून कानाला हात लावले आणि विचारलं, "पन गुरुजी, याना आजूबाजूले काय शे?"

"काही नाही. पोकळी."

"मंग फोटो काढनाराले अक्कल नव्हती. भवरा ठेयी दिना आनी घोडा कापी टाका. एकला भवरा कधी देखाना नही, गुरुजी. त्याना आजूबाजूले काय शे ते पहिले देखानं."

ते एकेक पान उलटत गेले. एका फोटोत मोठ्या सर्पिल दीर्घिकेच्या लांबलेल्या हाताच्या टोकाशी एक लहानसा पांढरा डाग होता. मी तो शंभरदा पाहिला असेल. छापण्यातला दोष म्हणून सोडून दिला होता. चाचांनी नख ठेवून विचारलं, "हाई कोन शे, याना हात धरीसन बठेल?" मी खालच्या ओळी वाचल्या. तीही एक दीर्घिकाच होती, शेजारीण. पुढच्या पानावर दीर्घिकांची एक दाट गर्दी होती, मधमाश्यांचं मोहोळ बसावं तशी. चाचांनी पान डोळ्यांशी नेलं आणि कितीतरी वेळ पाहिलं.

"हाई देखा. जठे गर्दी शे तठे भवरा नही, नुसता गोळा शेतस. जो एकला उभा शे, त्याना भवरा कसा मोकळा शे." मग पुस्तक मिटून त्यांनी मला सरळच विचारलं, "मंग हाऊ भवरा मायना पोटमाईन उना, का शेजारीसनी पाडा?"

मी पुस्तक चाळलं. पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक दीर्घिका म्हणजे समुद्रातलं एकटं बेट, आणि तिचा आकार तिच्या वयानं ठरत असावा. गोल असते ती हळूहळू उलगडत जाते आणि तिला हात फुटतात. शेजाऱ्यांबद्दल अक्षर नव्हतं. पण मग गर्दीतल्या सगळ्याच एका वयाच्या कशा? तो फोटो तर माझ्यासमोर होता. मी इतकी वर्षं हे पुस्तक उशाशी घेऊन झोपत होतो आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, उद्या सांगतो.

दुसऱ्या दिवशी मीच त्यांच्या दुकानात गेलो. भिंतीवर खिळ्याला टांग्याच्या साजाची एक जुनी, फाटकी गादी टांगलेली होती. घोड्याच्या पाठीवर असते ती. मी सहज विचारलं, ही कशाला जपून ठेवलीय? चाचांनी हातोडी खाली ठेवली.

धाकटा भाऊ याकूब टांगा हाकायचा. त्याची घोडी गुणी, पण एक दिवस तिच्या पाठीवर लांबट, वळलेला भोवरा दिसला. त्याला नागीण म्हणतात. ती घोडी मालकाला खाते. चाचा तेव्हा पंचविशीत होते, भोवरे नव्यानं शिकले होते आणि मिरवत होते. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. अशी घोडी कुणी विकत घेत नाही, म्हणून याकूबनं तिला सातपुड्याच्या जंगलात नेऊन सोडलं. आठ-दहा दिवसांनी तोच साज दुरुस्तीला चाचांच्या हातात आला. गादीच्या खालच्या अंगाला सुतळीची एक वाकडी गाठ होती, बरोबर त्या जागी. केस गाठीनं घासून फिरले होते. दोघे भाऊ दोन दिवस डोंगरात हाका मारत फिरले. घोडी मिळाली नाही. याकूब मालेगावला हातमागावर कामाला गेला आणि पुन्हा भावाशी बोलला नाही.

"पन ती गाठ व्हती म्हनीसन भवरा पडना, का भवरा पहिलाईनच व्हता, हाई बी माले पक्कं माहीत नही," चाचा म्हणाले. "घोडीच ऱ्हायनी नही. कोनले इचारू? तुम्हना पुस्तकमा काय शे, गुरुजी? जनमनं का आजूबाजूनं?"

आता माझी खरी पंचाईत झाली. त्यांचा निकाल कशावर अडलाय हे मला तेव्हा उमगलं. भोवरा जन्माचा, ज्याचा त्याचा, असं मी पुस्तकाप्रमाणे सांगितलं, तर माझे दोन भोवरे म्हणजे दोनच, आणि जमनेला मी मुकणार. शेजाऱ्याच्या ओढीनं भोवरा पडतो असं सांगितलं, तर एकानं दुसऱ्याला ओढलंय, मुळात एकच आहे, असं म्हणायला त्यांना वाट मिळणार. एक वाक्य बोलायचं होतं. समोरचा माणूस विज्ञानाच्या मास्तराचं वाक्य प्रमाण मानायला बसला होता. मला जमनेचं हसणं आठवलं. आणि भिंतीवरची ती गादीही दिसत होती.

"चाचा, पुस्तकात जन्माचं लिहिलंय," मी म्हटलं. "फोटोत तुम्ही म्हणता तसं दिसतंय. खरं काय ते मला माहीत नाही."

त्यांनी हातोडी उचलली. बैल आडवा पाडून ठेवला होता, त्याच्या खुराकडे वळले. मी घरी आलो आणि स्वतःलाच गाढव म्हटलं. हातातोंडाशी आलेला घास मी तत्त्वासाठी घालवला, की मला खरंच काही कळत नव्हतं म्हणून, हेही मला सांगता येईना.

आठव्या दिवशी चाचा सारंगखेड्याला गेले. नथूभाईंच्या ओट्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, "पोर द्या. काय बी व्हयनं तं माले धरा." त्या भरवशावर माघात आमचं लग्न लागलं. मी चाचांना कारण विचारलं, तर म्हणाले, "लोखंड तापेल शे, बाजू व्हा."

लग्नानंतर एक नवंच सुरू झालं. दर आठवड्याला, शुक्रवारची नमाज आटोपली की, चाचा आमच्या घराला चक्कर मारून दारात येत आणि विचारत, "बाई बरी शे ना?" बरी आहे म्हटलं की माघारी. चहा नाही, पाणी नाही. मला काय चाललंय ते कळेना. जमनेला एकदा साधा हिवताप आला तर हा माणूस दिवसातून तीनदा आला. ती मला म्हणायची, "माझ्या बाबांनी नाही केली एवढी चौकशी चाचा करतात. तुम्ही त्यांना काय सांगून ठेवलंय?" मी काहीच सांगितलं नव्हतं.

दरम्यान मी कॉलेजातल्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना चाचांचा प्रश्न, चाचांचं नाव न घालता, लिहून पाठवला. चार महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. गर्दीत सर्पिल दीर्घिका कमी आढळतात हे निरीक्षण खरं आहे. शेजाऱ्यांच्या ओढीनं त्यांचे हात बिघडतात असं काहींना वाटतं, तर त्या जन्मतःच तशा असतात असं काहींना, एकमत नाही. ता.क. हा भाग मॅट्रिकला नाही, मुलांना सांगू नये. मी धावत दुकानात गेलो आणि कार्ड वाचून दाखवलं. मला वाटलं, चाचा खूश होतील. एका नालबंदाच्या डोळ्याला जे दिसलं त्यावर मोठमोठे लोक भांडत होते. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे त्यासले बी माहीत नही," ते म्हणाले. "मंग माले कोन सांगी?"

बासष्ट साली जमनेचं पहिलं बाळंतपण अडलं. सकाळपासून ती दवाखान्यात होती आणि नर्सबाई बाहेर येऊन धड काही सांगत नव्हत्या. नथूभाई दत्ताचं नाव घेत पायरीवर बसले होते. समोर निंबाखाली उस्मानचाचा. गाडीवाले बैल घेऊन तिथे येत, नाल ठोकून द्या म्हणत, आणि ते नुसता हात हलवून त्यांना परत पाठवत. एकदा नथूभाई मान वर करून त्यांच्याकडे पाहत राहिले आणि मग पुन्हा नाव घ्यायला लागले. दुपारी चारच्या सुमाराला मुलगी झाली. मी पेढे घेऊन निंबाखाली गेलो.

"बाई बरी शे ना?"

"बरी आहे. मुलगी झाली, चाचा!"

"पन बाई बरी शे ना?"

त्यांनी पेढा हातात धरला आणि ते न खाताच दवाखान्याच्या दाराकडे पाहत राहिले. मुलीबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. मला त्याचं थोडं वाईटच वाटलं, आणि त्या दिवशी तरी मला सगळं समजायला हवं होतं असं आता वाटतं. पण विज्ञान शिकवणारी माणसं कधीकधी फार मठ्ठ असतात.

अडुसष्टच्या हिवाळ्यात चाचांनी अंथरूण धरलं. डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत कफ. शुक्रवारची फेरी चुकली तेव्हा मी आणि जमना त्यांच्या घरी गेलो. जमना आत त्यांच्या सुनेपाशी गेली आणि मी खाटेशी बसलो. दुकानातली ती फाटकी गादी आता खाटेजवळच्या भिंतीवर टांगलेली होती.

"गुरुजी, एक सांगी टाकस," ते म्हणाले. "मी जे शिकेल व्हतू त्या परमाने तुम्हना भवरा वाईटच व्हता. पहिली बायको ऱ्हात नही. पक्कं."

मी विचारलं, "मग तुम्ही हो कसं म्हणालात?"

"तुम्हले पोर पाहिजे व्हती. मी इचारं, तं तुम्ही खोटं बोली सकतात. 'माहीत नही' बोलनात. भवराना आजूबाजूले मी तो मानूस देखा. म्हनं, याना जोडे पोर बरी ऱ्हाई." ते दम घ्यायला थांबले. "पन भीती काय गयी नही. ती घोडी बी मन्हा शबदवर गयी व्हती. नऊ वरीस व्हयनात, दर शुक्रवारले वाटस, आज दार उघडाईन नही."

नऊ वर्षं हा माणूस माझ्या बायकोच्या जिवाला जामीन राहिला होता आणि मला वाटत होतं, म्हाताऱ्याला सवय लागलीय. मी त्यांचा हात धरला. ते म्हणाले, "डोकं आठे आना."

मी वाकलो. दिसत नव्हतं म्हणून ती दोन बोटं माझ्या टाळूवर चाचपडली. पुढे गेली, मागे आली, पुन्हा फिरली.

"भवरा कथा गयात?"

"केस गेले, चाचा. टक्कल पडलं. दोन वर्षं झाली."

मग ते जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. मीही हसलो. डोळे पुसत ते म्हणाले, "बाईले हाक मारा."

जमना आली आणि पदर सावरून पायथ्याशी उभी राहिली. चाचांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "बेटा, माले आते उठता येस नही. तूच एक चक्कर मारी ले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग ती डावीकडून निघाली आणि सावकाश, भिंतीवरच्या त्या गादीखालून, खाटेला पूर्ण एक फेरी घालून त्यांच्या उशाशी येऊन थांबली. तिच्या पावलांबरोबर चाचांची मान वळत होती. तिनं वाकून त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"बरी शे ना?"

"बरी आहे, चाचा."

"बस," ते म्हणाले. "सुटनू मी."

पुढच्या शुक्रवारी नमाजेनंतर त्यांना कबरस्तानात नेलं. घरी आलो तर जमना दार उघडं टाकून उंबऱ्यात बसली होती. म्हणाली, आज लावू नका.